आधी मशीन बंद करा

मॅडमकडे एक जुना ट्रान्झिस्टर होता आणि त्याच्यावर कधीही कुठलं स्टेशन लागलेलं नसायचं. दोन स्टेशनांच्या मधली रिकामी जागा शोधायची, तिथे काटा थांबवायचा आणि ती नुसती खरखर कानाशी धरून चालत राहायचं, असा त्यांचा सकाळचा कार्यक्रम. वारंगा फाट्याला काळीपिवळीतून उतरल्या की कारखान्यापर्यंत त्या अशाच यायच्या. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पोरांचे खेळायचे बूट आणि कानाला रेडिओ. फाट्यावरचे ट्रकवाले त्यांना क्रिकेटचा स्कोअर विचारायचे. मॅडम न हसता सांगायच्या, "अजून टॉस न्हाई झाला."

मी नवा नवा रुजू झालो तेव्हा न राहवून विचारलं, "मॅडम, याच्यावर गाणी लागत न्हाईत का?"

"लागतात की. पण मंग हवा ऐकू येत न्हाई."

कारखान्यात त्यांचं नाव खरखर मॅडम पडलं होतं आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. एकदा मालक फोनवर कुणाला तरी "आमच्या खरखर मॅडमला विचारून सांगतो" असं बोलून गेले आणि वळून बघतात तर मॅडम मागेच उभ्या. मालकांनी जीभ चावली. मॅडम म्हणाल्या, "मॅडम न्हाई म्हणलं तरी चालंल. खरखर म्हणत जा. कामाचा मान हाय त्यो."

कारखाना म्हणजे पत्र्याच्या दोन शेड आणि मागे मोकळा माळ. आम्ही झटका मशीन बनवायचो. शेताभोवती तार ओढायची, तारेला हे मशीन जोडायचं, की ते थोड्या थोड्या वेळाने तारेत एक झटका सोडत राहतं. रोही, म्हणजे नीलगाय, किंवा रानडुक्कर तारेला लागलं की दचकून मागे फिरतं, मरत नाही. मी माल पाठवायचं बघायचो आणि मॅडम चाचणीचं. पण मशीन झटका देतं की नाही, ही त्यांची चाचणी नव्हे. ते तर आमच्यातला कुणीही चुकून हात लावून सांगायचा. मॅडम दोनच गोष्टी बघायच्या. आपलं मशीन शेजारच्या यंत्राला त्रास देतं का, आणि शेजारच्या यंत्रांचा त्रास आपल्या मशीनला सोसतो का. कागदोपत्री याला विद्युतचुंबकीय सुसंगतता म्हणतात. मालकांना हा शब्द शेवटपर्यंत एका दमात म्हणता आला नाही, ते आपले "मॅडमचं ते" म्हणायचे.

झटका सोडणारं मशीन हवेत थोडी खरखर सोडणारच. ती किती सोडावी याची हद्द मानकात ठरलेली असते. माळाच्या एका टोकाला मशीन ठेवायचं, दहा मीटरवर अँटेना उभी करायची आणि मोजायचं. हे सगळं मॅडम शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं करून आल्या होत्या. तिथली नोकरी सोडून त्या गावाकडे का परतल्या ते पुढे येईलच. मालकांना त्या अशा आयत्या मिळाल्या, आणि सुरुवातीला मालकांना वाटलं की आपण त्यांच्यावर उपकार केले. हा गैरसमज फार दिवस टिकला नाही.

मोजायला उभ्या राहिल्या की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "आधी मशीन बंद करा."

मला हे काही केल्या उमजेना. ज्याची चाचणी घ्यायची तेच बंद? मग मॅडमनी मला अँटेनापाशी नेऊन पडद्यावरची हलती रेघ दाखवली. मशीन बंद असतानाही रेघ जागोजाग उड्या मारत होती. कुठल्या गावाचं रेडिओ स्टेशन, मोबाइलचा मनोरा, हायवेवरून गेलेली मोटरसायकल. "हे आपल्या आधीपासून हाय," त्या म्हणाल्या. "हे आधी मोजून घ्यायचं. मंग मशीन चालू करायची. जेवढं वाढलं तेवढंच तिचं. दुसऱ्याचं पाप तिच्या माथी कशाला?"

इथपर्यंत ठीक होतं. पण मॅडमनी हा नियम माळावरच ठेवला नाही, सगळ्या जगाला लावला.

आमच्याकडे कॉइल गुंडाळायला एक मावशी होत्या. त्यांचा हात जेवढा चालायचा त्याहून तोंड जास्त, आणि सगळं सुनेबद्दल. सून आल्यापासून घरात शांतता कशी ती नाही. मॅडमनी एक दिवस ऐकून घेतलं आणि विचारलं, "सून दिवाळीला माहेरी गेली व्हती ना? तवा घरात शांतता व्हती का?"

मावशींचा हात थांबला. बराच विचार करून म्हणाल्या, "तवा आमचे हे बोंबलत व्हते."

"आन् हे शेतावर गेल्यावर?"

"मंग मीच की."

"मंग सून किती वाढली ते सांगा. तेवढंच तिचं."

त्या दिवशी मावशींनी कॉइली जास्त गुंडाळल्या. पुढे सुनेला बाळंतपणासाठी माहेरी पाठवायची वेळ आली तेव्हा याच मावशी गाडीत बसून तिला पोचवायला गेल्या, आणि परत आल्या तेव्हा घर खायला उठतं म्हणून आमच्यापाशी रडल्या.

शिरड शहापूरचा एक शेतकरी तर भांडायलाच आला होता. तुमचं मशीन बसवलं आणि आमच्या टीव्हीवर पट्टे यायला लागले. मॅडम माझ्यासोबत त्याच्या घरी गेल्या. आधी मशीन बंद केलं. पट्टे तसेच. मग त्यांनी घरातली एकेक वस्तू बंद करायला लावली आणि शेवटी हात देवघरातल्या रंगीत दिव्यांच्या माळेपाशी आला. माळ विझली की पट्टे जायचे, माळ लागली की यायचे. घरची बाई म्हणाली की देवाचे दिवे मी बंद करणार नाही. नवरा म्हणाला की टीव्ही मी बंद करणार नाही. मॅडम दोघांच्या मधे मांडी घालून बसल्या आणि त्यांनी तासाभरात दिवे कधी आणि मालिका कधी याचा तह करून दिला. परतताना गाडीत मला म्हणाल्या, "भाऊ, दोघांचीबी चूक न्हाई. दोन यंत्रं एका घरात ऱ्हायाची म्हणल्यावर असंच असतं." त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, तरी संसारावर त्यांचा असा अधिकार चालायचा.

चाचणीसाठी जे टेबल लागतं ते लाकडाचं आणि लोखंडाशिवाय असावं लागतं. आमच्या सुताराला त्यांनी सांगितलं की एकही खिळा नको. सुतार म्हणाला, "खिळ्याबिगर टेबल म्हंजी मिठाबिगर वरण." तरी त्याने लाकडी खुंट्या ठोकून टेबल केलं, आणि शेवटी धीर न होऊन एका पायाला आतल्या बाजूने एक चुका, म्हणजे बारीक खिळा, मारला. वरून रंग दिला. मॅडम आल्या, पिशवीतून लोहचुंबक काढला आणि डॉक्टर नळी फिरवतो तसा टेबलावर फिरवू लागल्या. त्या चौथ्या पायाशी वाकल्या तेव्हाच सुतार चपला घालायला लागला होता. त्याला त्यांनी परत बोलावलं. चहा पाजला, चुका काढायला लावला आणि तो चुका त्याच्या खिशात घालून म्हणाल्या, "घरच्या टेबलाला मारा."

माळावर जाताना आम्हालाही किल्ल्या, घड्याळ, मोबाइल, सगळं शेडमध्ये काढून ठेवावं लागायचं. मालकांच्या पट्ट्याचं बक्कल मोठं होतं. त्यांना एकदा पट्टा काढायला लावला, आणि पूर्ण चाचणी होईपर्यंत मालक एका हाताने पँट धरून उभे होते. आम्ही सगळे तेव्हा अँटेनाकडे फार लक्ष देऊन बघत होतो.

दुसरी चाचणी सोसण्याची. ती बघायला शेजारच्या ढाब्यावरची माणसंसुद्धा यायची. आमच्या मशीनला मॅडम मनापासून छळायच्या. शेजारी वेल्डिंग सुरू करायच्या, जुनाट ड्रिल फिरवायच्या, बुलेट आणून तिचा गिअर न टाकता कान फुटेस्तोवर पिळायला लावायच्या, एका बंदुकीसारख्या यंत्राने मशीनच्या अंगावर ठिणग्या सोडायच्या. आणि मग मशीनकडे बघत बसायच्या. मानकात याचे दर्जे असतात. त्रास झाला तरी काम चालूच राहिलं, तो अ. त्रास असेपर्यंत गडबडलं आणि त्रास गेल्यावर आपलं आपण सावरलं, तो ब. कुणी तरी येऊन बटण दाबल्याशिवाय सावरत नाही, तो क. आणि बटण दाबूनही उठत नाही, तो ड.

हे कळल्यावर कारखान्यातला एकही माणूस दर्जाशिवाय राहिला नाही. मालक ब. बँकेचा हप्ता आला की गडबडायचे, हप्ता गेला की गाणं म्हणायचे. मावशी ब. मी क निघालो. मला वाईट वाटलं आणि मी तसं बोललोही.

"वाईट काहून वाटून घेता?" मॅडम म्हणाल्या. "क मधल्यानं घरात बटण दाबणारं माणूस ठेवलं की झालं. आमच्या वहिनी हायत की."

"आन् तुमी, मॅडम?"

"मी ब. लई झालं तर क. आमच्या घरात अ एकच हाय. आमची याडी."

याडी म्हणजे आई. मॅडम तांड्यावरच्या. कळमनुरीच्या अंगाला, डांबरी संपल्यावर आत, त्यांचा तांडा. बाप लवकर गेला, आणि ज्या काळात तांड्यावरची पोर शाळेत टिकली तरी कौतुक व्हायचं त्या काळात याडीने हिला इंजिनिअर केलं. ऊस तोडून केलं, मजुरी करून केलं. याडीचे कान उतारवयात जायला लागले. मॅडम शहरातून फोनवर बोलायच्या आणि पलीकडून याडी नुसतं "बरी हाय, बरी हाय" म्हणायची, प्रश्न कुठलाही असो. एकदा मॅडमनी विचारलं, काय खाल्लंस, तरी "बरी हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेत राजीनामा दिला. बाई तिकडे एकटी आहे आणि तिला काही ऐकू येत नाही, एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं, आणि मला ते पुरेसं वाटलं.

घरी याडीशी ओरडून बोलायचं आणि कारखान्यात येऊन तेच चालू ठेवायचं, यामुळे मॅडमचा आवाज कायम चढा असायचा. नवा माणूस घाबरायचा. आम्हाला सवय होती.

मग त्यांनी याडीला नांदेडला नेऊन चांगलं श्रवणयंत्र बसवून आणलं. त्यानंतरच्या दिवसांत एक गंमत झाली. मॅडमचा आवाज खाली आला. पहिल्या दिवशी मावशींना वाटलं यांना ताप आहे. घरी दोघी बोलत बसतात, मॅडम सांगायच्या. याडीने त्यांना त्यांच्याच लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, ज्या विचारायच्या राहूनच गेल्या होत्या. त्या कुणासारख्या दिसतात, पहिलं बोलल्या तेव्हा काय बोलल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई हे सांगताना अशी खुलायची की मी गाडी भरायचं सोडून ऐकत राहायचो.

थंडी पडली आणि आवाज पुन्हा चढला.

मी विचारलं तर म्हणाल्या, "याडीनं यंत्र काढून डबीत ठेवलं. कानात टिकटिक करून राहिलं म्हणती. घालतच न्हाई."

नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की यंत्र वापरलं नाही तर ऐकायची सवय मोडेल, आणि या वयात मोडलेली सवय परत येणं कठीण. मॅडम पोरांसारख्या रडवेल्या झाल्या होत्या. "ती परत आत निघून जाईल, भाऊ. आत्ता कुठं भेटली व्हती."

टिकटिक म्हटल्यावर आम्हाला काय ते कळलं. त्या मोसमात तांड्याच्या शिवारात हरभऱ्याला आमचीच मशीनं लागली होती, मीच पाठवलेली. झटका मशीन जसं टिकटिकतं तशीच टिकटिक श्रवणयंत्रात शिरत असणार. मालक म्हणाले की आपलं मशीन मानकात बसतं, श्रवणयंत्रच हलकं असेल. यंत्र विकणारा फोनवर म्हणाला की यंत्र मानकात बसतं, तुमचं मशीनच वाईट असेल. दोघंही खरं बोलत होते. मॅडमनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी मशीन बंद करा." म्हणजे तांड्यावरची सगळी, एकाच वेळी.

तांड्यावर काही लगेच कुणी तयार होईना. नाईक म्हणजे तांड्याचे प्रमुख, ते म्हणाले, "काहून बंद करायची? तुमीच सांगितलं की रातंदिस चालू ठेवा. रोही टपून बसली हाय." रोही खरंच टपून होती. बांधापलीकडच्या झुडपात तिचा कळप दिवसाढवळ्या दिसायचा आणि तासाभरात अख्खा हरभरा चाटून जायचा. मॅडमनी हात जोडले नाहीत, मानक समजावलं नाही. एवढंच म्हणाल्या, "काका, याडीनं तुमच्या लेकराची नाळ कापली. तिला ऐकू येऊ द्या."  नाईक म्हणाले, ज्याने त्याने आपल्या शेतात काठी घेऊन उभं राहायचं, आणि दुपारी बंद करायची.

मीही गेलो. मॅडमनी सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले होते, त्यामुळे या शेतातून त्या शेतात सांगायचं कसं हा प्रश्न आला. एक गडी पाण्याच्या टाकीवर चढून पांढरं उपरणं हलवत होता, पण ते अर्ध्यांना दिसेना. मग मॅडमच बांधाबांधाने पळत ओरडत सुटल्या. "बंद करा, वायर काढा, हात वर करा." त्या दुपारी त्यांनी जेवढं ओरडून घेतलं तेवढं आम्ही कुणी वर्षात ओरडलो नसू. एकेक हात वर होत गेला. सगळ्या शिवारात माणसं काठ्या घेऊन उभी, बाया ताटं वाजवायला तयार, आणि पलीकडे रोहीचा कळप कान टवकारून आमच्याकडे बघतोय.

मॅडमनी रेडिओ लावला. शिवारभर फिरल्या. नुसती खरखर, एकसारखी, मधे कुठं टिक नाही. माझ्याकडे वळून त्यांनी मान हलवली. त्यांचा आवाज आधीच बसला होता.

मग त्या तशाच रेडिओ कानाला धरून तांड्यात शिरल्या. स्वतःच्या अंगणात पाय ठेवला आणि थबकल्या. रेडिओ माझ्या कानाशी धरला. टिक. थोडं थांबून, टिक.

"कुणाचं तरी चालू हाय." त्या परत वळल्या. नाईकांच्या मेहुण्याचं शेत घराला सगळ्यात जवळ, त्यामुळे आळ त्याच्यावर आला. बिचाऱ्याने बॅटरीची काढलेली वायरच हातात आणून दाखवली. "शपथ घ्या, ताई. माझं बंद हाय." मॅडमनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे हात वर होते.

त्या घरात गेल्या. मागोमाग मी. आत याडी बाजेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. थंडीमुळे बाज ओसरीतून आत, भिंतीला लागून घेतलेली. बाहेर काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता, आम्ही दोघं घामाघूम झालेले बघून तिने आधी पाण्याच्या हंड्याकडे बोट दाखवलं. मॅडमनी डबीतून यंत्र काढून तिच्या कानात बसवलं. घरात त्या गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलायच्या. फाट्यावर राहून मला ती समजायला लागली होती, ते मी इथे आपल्या बोलीत सांगतो.

"याडी, टिकटिक येती का?"

याडीने लेकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "न्हाई. गेली."

मॅडमचा चेहरा क्षणभर उजळला. पण त्यांची जन्माची शिस्त अशी की विचारून भागत नाही, मोजावं लागतं. त्यांनी रेडिओ याडीच्या कानापाशी नेला. टिक. टिक. अंगणातल्यापेक्षा मोठी.

रेडिओ दारापाशी नेला, आवाज कमी झाला. भिंतीपाशी नेला, वाढला. बाजेच्या वर फळीकडे नेला तेव्हा रेडिओ अक्षरशः ठोकायला लागला. फळीवर थोरली होती. तिचा लाल दिवा टिकेबरोबर उघडझाप करत होता.

थोरलीबद्दल सांगायचं राहिलं. आमच्या कारखान्याचं सगळ्या चाचण्यांत पास झालेलं ते पहिलं मशीन. मॅडमनी ते विकू दिलं नाही, घरी नेलं आणि किती वर्षं न थांबता चालतं ते बघायला चालू करून ठेवलं. नवीन मशीनची तुलना तिच्याशी व्हायची. घराला रंग दिला तेव्हाही ती चालू स्थितीत उचलून ठेवली होती. कारखान्यात आलेल्या प्रत्येकाला मॅडम सांगायच्या, "आमची थोरली एकदाबी बंद पडली न्हाई." अंगणात रोज रेडिओला ऐकू येणारी टिक त्या शिवारातली समजायच्या. सगळ्या तांड्याला हात वर करायला लावला आणि थोरलीचं नाव त्यांच्या मनातही आलं नाही. ती मशीन नव्हतीच त्यांच्या लेखी.

मला हसू येणार होतं, पण मॅडमचं तोंड बघून ते आलं नाही.

"मी हिलाच मोजलं न्हाई," त्या म्हणाल्या.

याडीने त्यांचा हात धरला. "तिला काय करू नको."

"तुला ठावं व्हतं?"

"दिवा लागला की कानात टिक. आंधळी थोडीच हाय मी."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"येईल त्याला सांगतीस, माझी थोरली एकदाबी बंद न्हाई. मी बंद कर म्हणू व्हय तुला?" याडी म्हणाली. "कानाचं काय. इतकी वर्सं कुठं ऐकत व्हते."

पुढचं आधी सांगून टाकतो. त्यानंतर आमच्या चाचणीच्या माळावर एक बाज आली, सुंभाची, खिळा नसलेली. दहा मीटरवर मशीन पास झालं की मॅडम ते बाजेच्या डोक्याशी ठेवून एका हाताच्या अंतरावरून पुन्हा मोजायच्या. असं मोजायला मानक सांगत नाही. मानक लिहिणाऱ्यांनी धरलेलं असतं की माणूस मशीनपासून जरा लांब असेल. मालक कुरकुरले, मग त्यांनीच मशीनवर छापून घेतलं की झोपायच्या जागेपासून दूर ठेवा. व्यापारी यायचे, त्यांना वाटायचं बाज विश्रांतीसाठी आहे, आणि आडवे व्हायचे. मॅडम त्यांना उठवायच्या. आणि दर्जांच्या त्या खेळात त्यांनी याडीचं नाव पुन्हा कधी घेतलं नाही. एकदाच मला म्हणाल्या, "अ म्हणून मोकळी झाले व्हते, भाऊ. सोसणाऱ्याकडं कुणी बघतच न्हाई." मी तो कारखाना सोडला, हिंगोलीत स्वतःचं दुकान टाकलं, त्यालाही आता काळ लोटला. दुकानात कुणी बिघडलेली वस्तू घेऊन आलं की माझ्या तोंडून तेच वाक्य निघतं, आणि निघालं की मला त्यांची आठवण येते, अगदी पोटातून येते.

पण त्या दुपारचं. बाहेर माणसं अजून हात वर करून उभी होती. मॅडम फळीपाशी गेल्या. मला वाटलं थोडं थांबतील, निदान एकदा थोरलीकडे बघतील. त्यांनी बटण दाबलं आणि लाल दिवा विझला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रेडिओत नुसती खरखर उरली. मग त्यांनी रेडिओही बंद केला, तो मी कधी बंद झालेला पाहिला नव्हता.

त्या बाजेच्या कडेला बसल्या.  नेहमीच्या सवयीने त्या याडीच्या कानाशी वाकल्या, छाती भरून घेतली आणि ओरडल्या, "याडी..." दुपारभर शिवारात ओरडून घसा असा फाटला होता की आवाज चिरकत बाहेर आला.

याडी एकदम मागे सरली. लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"घसा बसला का गं तुझा?"

मॅडमनी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

"मंग हळू बोल," याडी म्हणाली. "ऐकू येतंय मला."